व्यवस्थापनाच्या वर्गात खेळ कशासाठी? सिम्युलेशन म्हणजे काय आणि त्यातून शिकणे केव्हा घडते

बीबीए, बीएमएस यांसारखे पदवी अभ्यासक्रम २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटीही सुरू झाली. त्यामुळे एमबीएच्या प्रवेशाच्या वेळी होणारी महाविद्यालयांची तुलना आता पुण्यातील अनेक घरांत बारावीनंतर लगेच होऊ लागली आहे. माहितीपुस्तिका चाळताना ‘बिझनेस सिम्युलेशन’, ‘गेम-बेस्ड लर्निंग’, ‘सिम्युलेशन लॅब’ हे शब्द वारंवार दिसतात. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढणाऱ्या पालकाला अशा वेळी प्रश्न पडतो की, महाविद्यालयात जाऊन मुले खेळच खेळणार असतील तर एवढे शुल्क कशासाठी भरायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र तो खेळ कोणता आहे आणि त्यानंतर वर्गात काय केले जाते, यावर अवलंबून आहे.

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी

माहितीपुस्तिकेत सरमिसळ होणाऱ्या तीन संकल्पना आधी वेगळ्या करून घेऊ.

सिम्युलेशन म्हणजे प्रत्यक्ष व्यवहाराची नियमांत बांधलेली प्रतिकृती. जगभरातील बिझनेस स्कूलमध्ये वापरले जाणारे ‘कॅपसिम’ हे त्याचे परिचित उदाहरण आहे. त्यात विद्यार्थ्यांचा प्रत्येक गट सेन्सर बनवणारी एक कंपनी चालवतो. उत्पादनाची किंमत किती ठेवायची, किती माल बनवायचा, जाहिरातीवर किती खर्च करायचा, कर्ज घ्यायचे की नाही, हे गटाने ठरवायचे असते. सर्व गटांचे निर्णय भरून झाले की संगणक बाजाराचा हिशेब मांडतो आणि प्रत्येकाला आपल्या कंपनीचा ताळेबंद दिसतो. एक फेरी म्हणजे एक वर्ष, त्यामुळे काही आठवड्यांत विद्यार्थी कंपनीची अनेक वर्षे पाहू शकतो.

गेम म्हणजे नियम, उद्दिष्ट आणि बहुधा स्पर्धा असलेला उपक्रम. तो वास्तवाची नक्कल करेलच असे नाही. वाटाघाटी शिकवण्यासाठी दोन गटांना वेगवेगळी गोपनीय माहिती देऊन सौदा करायला लावणे हा गेम झाला, आणि त्याला संगणक लागत नाही.

गेमिफिकेशन ही तिसरी गोष्ट यांपैकी सर्वांत उथळ आहे. नेहमीच्याच अभ्यासाला गुण, बिल्ले आणि क्रमवारी जोडायची, म्हणजे ते झाले. प्रश्नमंजूषेत पहिला आलेल्याचे नाव पडद्यावर झळकले की वर्गात थोडी जान येते, हे खरे आहे. परंतु त्यातून व्यवसाय कसा चालतो हे कळत नाही. माहितीपुस्तिकेतील शब्द यापैकी कशासाठी वापरले आहेत, हे प्रवेशापूर्वी विचारून घ्यावे.

विहिरीत पोहायला शिकवताना मुलाच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधण्याची पद्धत आपल्याकडे आहे. हातपाय मारणे खरे असते, दमछाक खरी असते, नाकातोंडात जाणारे पाणीही खरे असते. काढून घेतलेला असतो तो केवळ बुडण्याचा धोका. सिम्युलेशनचे काम हेच आहे. निर्णय, घाई आणि गटातील वाद खरे असतात, पण चूक झाली म्हणून कोणाचा कारखाना बंद पडत नाही आणि कोणाचा पगार थांबत नाही.

वह्यांच्या खोक्यांचा खेळ

ही पद्धत नवी नाही. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५७ मध्ये ‘आयबीएम ६५०’ या संगणकावर चालणारा व्यवस्थापकीय निर्णयांचा खेळ सुरू केला होता. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी येथे जे फॉरेस्टर उद्योगांतील चढउतारांचा अभ्यास करत होते, आणि त्यांच्या गटाच्या कामातून ‘बिअर गेम’ तयार झाला. व्यवस्थापन शिक्षणातील कदाचित सर्वांत प्रसिद्ध असलेला हा खेळ थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण खेळ नेमके काय शिकवू शकतो हे त्यातून स्वच्छ दिसते. आपण बिअरच्या जागी वह्यांची खोकी घेऊ. नियम मूळचेच ठेवू.

चार जणांची साखळी आहे: कोथरूडमधील स्टेशनरीचा दुकानदार, त्याला माल देणारा अप्पा बळवंत चौकातील घाऊक व्यापारी, त्याच्या मागे वितरक आणि शेवटी वह्यांचा कारखाना. दर आठवड्याला प्रत्येकाने एकच निर्णय घ्यायचा: मागच्या दुव्याकडे किती खोक्यांची मागणी नोंदवायची. ती मागणी पोहोचायला दोन आठवडे लागतात आणि माल यायला आणखी दोन. सुरुवातीला प्रत्येकाकडे बारा खोकी शिल्लक असतात. पडून राहिलेल्या प्रत्येक खोक्यामागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च आणि न भागवलेल्या मागणीच्या प्रत्येक खोक्यामागे एक डॉलर दंड. आपण वर्गात हाच हिशेब रुपयांत मांडू शकतो. चौघांनी एकमेकांशी बोलायचे नाही. गिऱ्हाइकाची खरी मागणी फक्त दुकानदाराला दिसते, बाकी तिघांना आपल्या पुढच्या दुव्याकडून आलेली चिठ्ठी तेवढी दिसते.

पहिले चार आठवडे गिऱ्हाईक चार-चार खोकी मागते. पाचव्या आठवड्यात मागणी आठ होते.

दुकानदाराचा साठा घटू लागतो, म्हणून तो जास्त माल मागवतो. माल लगेच येत नाही, कारण तो वाटेत आहे. दुकानदाराला वाटते की व्यापाऱ्याने ऐकलेच नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात तो आणखी मागवतो. व्यापाऱ्याला चिठ्ठ्यांमध्ये मागणी भराभर वाढताना दिसते. तो स्वतःच्या सुरक्षिततेसाठी त्यात भर घालून वितरकाकडे नोंदवतो, आणि वितरकही तेच करतो. कारखान्यापर्यंत पोहोचेतो मागणी मूळ मागणीच्या कितीतरी पट झालेली असते. मग काही आठवड्यांनी सगळा माल एकदम येऊन पडतो. चौघांच्याही गोदामात खोक्यांचे ढीग लागतात, नव्या मागण्या शून्यावर येतात आणि कारखाना थंडावतो.

खेळ थांबल्यावर शिक्षक घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना झालेल्या विद्यार्थ्यांना एक आलेख काढायला सांगतात: तुमच्या मते गिऱ्हाइकाची मागणी कशी बदलली असेल? बहुतेक जण उंच चढणारी आणि मग कोसळणारी रेषा काढतात. त्यानंतर त्यांना सांगितले जाते की मागणी पाचव्या आठवड्यात एकदाच चारवरून आठवर गेली आणि शेवटपर्यंत आठच राहिली. चढउतार गिऱ्हाइकाने आणलेले नव्हते. ते साखळीतील चौघांनी मिळून निर्माण केले होते, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणानेच वागत होता.

एमआयटीचे प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये या खेळाच्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. शक्य असलेल्या कमीत कमी खर्चाच्या तुलनेत संघांचा सरासरी खर्च सुमारे दहापट होता. मुख्य कारण असे की, मागवलेला पण अजून न पोहोचलेला माल खेळाडू हिशेबात धरतच नाहीत. या वाढत जाणाऱ्या हेलकाव्यांना पुरवठा साखळीच्या अभ्यासात ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला तो बाळांच्या डायपरच्या बाबतीत आढळला होता. बाळांची संख्या आठवड्यागणिक बदलत नाही, विक्रीही बरीचशी स्थिर होती, तरी वितरकांच्या मागण्या मात्र मोठ्या प्रमाणात खालीवर होत होत्या.

पुण्याच्या विद्यार्थ्याला यासाठी परदेशातील उदाहरणापाशी थांबण्याचे कारण नाही. २०२० मध्ये करोनाच्या सुरुवातीला वाहन कंपन्यांनी मागणी घटेल म्हणून इलेक्ट्रॉनिक चिपच्या मागण्या कमी केल्या. गिऱ्हाईक अपेक्षेपेक्षा लवकर परतले, तोवर चिप उत्पादकांची क्षमता इतर उपकरणांकडे वळली होती, आणि जगभरातील वाहन उद्योगाला तुटवड्याने ग्रासले. चाकणच्या पट्ट्यात ज्याच्या घरातील कोणी काम करते, त्या विद्यार्थ्याला ही गोष्ट घरबसल्या ठाऊक असते. खेळानंतर तिचे कारण त्याला दिसू लागते.

हेच फळ्यावर सांगितले तर?

सांगता येते, आणि विद्यार्थी परीक्षेत व्याख्याही बिनचूक लिहितो. परंतु व्याख्या लिहिणाऱ्याला मनातून असे वाटत राहते की, ‘त्या जागी मी असतो तर एवढा माल मागवला नसता’. खेळलेल्या विद्यार्थ्याला तसे म्हणता येत नाही, कारण त्याने तो मागवलेला असतो. मागच्या दुव्यावरचा त्याचा राग खरा होता आणि तो निराधार होता, हे त्याला स्वतःच्याच नोंदवहीत दिसते. उद्या कंपनीत माल उशिरा आला तर पुरवठादारावर खापर फोडण्यापूर्वी तो एकदा स्वतःच्या मागण्या तपासून पाहील, अशी आशा धरायला येथे जागा आहे.

शिकणे खेळ संपल्यावर सुरू होते

या लेखात मला सर्वांत आग्रहाने जे मांडायचे आहे ते येथे आहे. खेळानंतर शिक्षकाने घडवून आणलेल्या चर्चेला ‘डिब्रीफिंग’ म्हणतात, आणि माझ्या मते तोच खरा तास असतो. खेळ केवळ त्या तासासाठी कच्चा माल पुरवतो.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अनुभवातून शिकण्याच्या चक्रात चार टप्पे आहेत: अनुभव घेणे, त्याकडे मागे वळून पाहणे, त्यातून सूत्र काढणे आणि ते सूत्र नव्या प्रसंगी वापरून पाहणे. खेळ यातील फक्त पहिला टप्पा देतो. उरलेले तीन चर्चेत घडतात, आणि ते आपोआप घडत नाहीत. चर्चा नसेल तर जिंकलेला गट स्वतःला हुशार समजतो, हरलेला गट संगणकाला किंवा नशिबाला दोष देतो, आणि दोघेही चुकीचा धडा घेऊन घरी जातात. हा धडा व्याख्यानात झोपलेल्या विद्यार्थ्याच्या अज्ञानापेक्षा अधिक घातक आहे, कारण त्याला स्वानुभवाचे बळ असते.

चांगली चर्चा विशिष्ट क्रमाने जाते. तुम्हाला कसे वाटले, कोणाचा राग आला, हे आधी बोलू द्यावे लागते. मनातली खदखद बाहेर पडल्याशिवाय विश्लेषणाकडे कोणाचे लक्ष लागत नाही. त्यानंतर प्रत्यक्ष काय घडले हे नोंदी आणि आलेख समोर ठेवून पाहायचे, मग ते तसे का घडले याचा शोध घ्यायचा, आणि शेवटी बाहेरच्या जगात हे कोठे दिसते यावर यायचे. शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई केली की सगळे मुसळ केरात जाते. सिम्युलेशनचा परवाना विकत घेता येतो. असे बोलते करण्याचे कौशल्य शिक्षकाला सरावानेच येते, आणि त्यासाठी महाविद्यालयांनी त्याला वेळ व प्रशिक्षण द्यायला हवे.

संशोधनही याच बाजूने बोलते. स्कॉट टॅननबॉम आणि ख्रिस्तोफर सेरासोली यांनी २०१३ मध्ये अशा चर्चांवरील अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पद्धतशीर चर्चेमुळे व्यक्तींची आणि गटांची कामगिरी सरासरी २० ते २५ टक्क्यांनी सुधारत असल्याचे दिसले. ज्या वेळापत्रकात खेळाला तीन तास आणि चर्चेला दहा मिनिटे आहेत, तेथे खेळ रद्द करून त्या वेळात एखादी केस स्टडी, म्हणजे एखाद्या कंपनीसमोरील प्रसंगाचा वर्गात चर्चेतून केलेला अभ्यास, नीट शिकवावी, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

पुरावा किती भक्कम आहे?

उत्साहाच्या भरात येथे अतिशयोक्ती होते, म्हणून जपून बोलले पाहिजे. विद्यार्थ्याला कृतीत गुंतवणाऱ्या अध्यापनाबद्दलचा पुरावा मजबूत आहे. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याची शक्यता दीडपट आढळली. हे विषय व्यवस्थापनाचे नाहीत, हे लक्षात ठेवायला हवे.

संगणकीय सिम्युलेशन गेमबद्दल ट्रेसी सिट्झमन यांचा २०११ मधील आढावा अधिक नेमका आहे. असे गेम वापरून शिकलेल्यांचे माहितीविषयक ज्ञान तुलनेच्या गटापेक्षा ११ टक्क्यांनी, कार्यपद्धतीचे ज्ञान १४ टक्क्यांनी आणि आत्मविश्वास २० टक्क्यांनी अधिक होता. मात्र त्याच आढाव्यात अशाही गोष्टी आहेत ज्या विक्रेते सांगत नाहीत. खेळ किती मनोरंजक आहे याने शिकण्यात फरक पडला नाही. खेळ इतर अध्यापनाला जोडून वापरला तेव्हाच तो अधिक उपयोगी ठरला. आणि तुलनेच्या गटालाही तितक्याच सक्रिय पद्धतीने शिकवले गेले होते तेथे तो गट खेळणाऱ्यांच्या पुढे गेला. उत्तम शिक्षक केस स्टडीवर वर्ग पेटवत असेल, तर सिम्युलेशन नाही म्हणून त्याच्या विद्यार्थ्यांचे काही बिघडत नाही.

आणखी एक सावधगिरी. ‘मुलांना खूप आवडले’ हा शिकल्याचा पुरावा नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील २०१९ च्या अभ्यासात, व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांना आपण जास्त शिकलो असे वाटले. चाचणीत मात्र स्वतः प्रश्न सोडवत शिकलेले विद्यार्थी पुढे होते. विद्यार्थ्याचे स्वतःच्या शिकण्याबद्दलचे मत दोन्ही दिशांनी चुकू शकते.

‘पण हा तर पोरखेळ!’

गंभीर गोष्टी खेळातून शिकवणे आपल्या परंपरेला परके नाही. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असलेला मोक्षपट महाराष्ट्रात परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. युरोपात प्रशियाच्या सैन्याने १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी नकाशावरील युद्धखेळ वापरला.

जुगाराची भीती अधिक ताजी आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदी घालणारा कायदा केला, आणि ‘गेम’ हा शब्द ऐकताच पालक सावध होतात यात नवल नाही. त्या कायद्याचा रोख पैसे लावून जिंकण्या-हरण्यावर आहे; शिक्षणासाठीचे गेम त्या बंदीत येत नाहीत. तरीही एक कसोटी घरातल्यांनी लावावी: उपक्रमात कोठेही खरे पैसे किंवा पैशांची बक्षिसे असतील, विशेषतः आभासी शेअर बाजाराच्या नावाखाली, तर तो अभ्यास समजू नये.

‘खरा बाजार संगणकासारखा वागत नाही’

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. प्रत्येक सिम्युलेशनच्या पोटात कोणीतरी लिहिलेली गृहीतके असतात. जाहिरातीचा खर्च वाढवला की विक्री अमुक इतकी वाढते, हे तेथे सूत्र असते. भोसरीतील लहान कारखानदाराची खरी चिंता अनेकदा वेगळीच असते: माल दिला, पण पैसे कधी येणार? लघुउद्योगांचे देणे ४५ दिवसांत चुकते करण्याची मर्यादा २००६ च्या कायद्यात असूनही त्याला ताटकळावे लागते, आणि ते ताटकळणे सूत्रात नसते. कामगार कमी करणे हा तर पडद्यावरील एका चौकटीतला आकडा असतो. तो आकडा बदलताना कोणाचा हात थबकत नसेल, तर आपण उद्याच्या व्यवस्थापकाला काय शिकवत आहोत, याची मला मनापासून काळजी वाटते.

यावरचा उपाय चर्चेतच आहे. या प्रतिकृतीतून काय वगळले आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे. कमी केलेल्या कामगारांच्या वतीने एका विद्यार्थ्याला उभे करून बोलायला लावले, तरी वर्गाचा सूर बदलतो.

गुण कसे द्यायचे आणि मागे कोण राहते

क्रमवारीवर गुण दिले की विद्यार्थी व्यवसायाऐवजी गुणांचाच विचार करतात. शेवटची फेरी माहीत असल्यामुळे काही गट त्या फेरीत संशोधनाचा खर्च शून्य करतात आणि नफा फुगवतात; पुढचे वर्ष उजाडणारच नसते. म्हणून बहुतांश गुण क्रमांकाला न देता, आपले निर्णय का घेतले आणि कोठे चुकले हे सांगणाऱ्या लेखी टिपणाला द्यावेत.

भाषेचा प्रश्न मात्र फारसा कोणी काढत नाही. पुण्यातील वर्गांत सोलापूर, बीड, लातूर येथून मराठी माध्यमात शिकून आलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. सिम्युलेशनची नियमपुस्तिका लांबलचक आणि इंग्रजीत असते. ती जो सर्वांत आधी वाचून संपवतो त्याच्याकडे लॅपटॉप जातो, तोच कंपनी चालवतो आणि उरलेले चौघे बघत बसतात. ज्याच्या घरी किराणा दुकान आहे, ज्याने उधारीचा व्यवहार लहानपणापासून पाहिला आहे, तो विद्यार्थी अनेकदा या बघणाऱ्यांत असतो, आणि वर्ग त्याच्या जाणतेपणाला मुकतो. नियम आधी मराठीत समजावून सांगणे, प्रत्येक फेरीत भूमिका बदलणे आणि चर्चेत मराठी मोकळेपणाने चालू देणे, याला कसलाही खर्च येत नाही.

पैसे नसतील तर?

परवान्याचे शुल्क दर विद्यार्थ्यामागे द्यावे लागणारी सिम्युलेशन लहान महाविद्यालयांना जड जातात. पण वर वर्णन केलेला खेळ कागदावर खेळता येतो. साठ जणांच्या वर्गात प्रत्येक भूमिकेला दोघे धरले तर एका साखळीत आठ विद्यार्थी बसतात. अशा सात साखळ्या होतात आणि उरलेले चौघे नोंदी तपासतात. लागतात त्या चिठ्ठ्या, खोक्यांच्या जागी बिया किंवा काड्या, आणि आलेखासाठी कागद. दोन सलग तास खेळाला द्यावेत, आणि आलेख भिंतीवर लावून दुसऱ्या दिवशीचा पूर्ण तास चर्चेसाठी वेळापत्रकात आधीच लिहून ठेवावा. प्रवेशाच्या वेळी पालकांनीही महाविद्यालयाकडे हेच वेळापत्रक मागावे आणि त्यात चर्चेचा तास कोठे आहे, तो कोण घेणार आहे, हे विचारावे.